सांभाळून घेतील

निलंबनाचा आदेश एका पानाचा असतो. मला वाटलं होतं, काहीतरी जाडजूड येईल. आमच्या ऑफिसातला डिस्पॅचचा माणूस बीआयटी चाळीचे जिने चढून वर आला. सात वर्षं मी त्याच्याबरोबर डबा खाल्ला होता. दारात उभा राहून त्याने कागद पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाला. "इथे सही करा, खाली तारीख टाका." आईने पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही. मी वाचताच सही केली. म्हणजे न वाचता. चुकून उलटं लिहिलं, पण राहू दे. तेव्हा मला या दोन्हींत फरक वाटत नव्हता.

कागदावर होतं ते असं: ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत राहिल्यामुळे अटकेच्या तारखेपासून निलंबित झाल्याचं मानण्यात येत आहे. हे 'मानण्यात येणं' समजायला मला वेळ लागला. केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांत नियम १० आहे. त्यात कोणी साहेब बसून विचार करत नाही की याला निलंबित करू या का. ४८ तास भरले की तुम्ही आपोआप निलंबित. आदेश फक्त ते कळवायला येतो.

मी केंद्र सरकारच्या एका खात्याच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळायचो. आपल्याकडे प्रोफेशनल बास्केटबॉलपटू म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. अमेरिकेसारखा करार वगैरे काही नाही. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते, सकाळी टेबलावर बसायचं, दुपारी प्रॅक्टिसला सुटायचं, स्पर्धांसाठी वर्षाला ३० दिवसांची खास रजा. पगार कारकुनाचा आणि काम बॉल टाकण्याचं. २०१५ मध्ये यूबीए ही बास्केटबॉल लीग सुरू झाली, त्याच वर्षी आपल्या सतनाम सिंगला अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं की आता आपलेही दिवस येणार. माझी उंची सहा फूट चार. अमेरिकेत या उंचीचा माणूस गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन पास देणारा, खेळतो, इथे मी फॉरवर्ड, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, होतो, पण पासिंग माझं गार्डसारखं होतं. हे मी नाही, नागपाड्यातले म्हातारे म्हणायचे, आणि ते कोणाचं फुकट कौतुक करत नाहीत.

नागपाडा माझ्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. मस्तान वायएमसीए आणि बच्चू खान ग्राउंड, या दोन कोर्टांवर मी मोठा झालो. अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांमधून भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही लेअप, म्हणजे धावत जाऊन बॉल टाकणं, शिकलो. तिथे सिमेंटवर पडलात तर कोणी उचलत नाही. 'उठ बे लंबू' एवढंच.

उचलायला लागले ते नोकरी लागल्यावर.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांना वाटतं एका रात्री दारू प्यायलो आणि करिअर गेलं. तसं नव्हतं. २००७ ला, विसाव्या वर्षी, मी खात्यात लागलो. पहिल्याच मोसमात आम्ही आंतरविभागीय फायनल जिंकलो, मी २६ पॉइंट केले. त्या रात्री सीनियर मुलांनी पाजली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो नाही, तरी मस्टरवर माझी हजेरी लागलेली. कोणी लावली, मी विचारलंही नाही. पुढे ती रीतच पडली. पतपेढीचं कर्ज हवंय, तर जामीनदार म्हणून टीममधले दोघं तयार. हप्ता थकला, तर खजिनदार म्हणणार, "अरे आपला प्लेअर आहे, सांभाळून घेऊ." प्रॅक्टिसला तोंडाला वास येतोय, तर आमचे कोच, म्हणजे सर, दुसऱ्या टोकाला शूटिंग करायला लावणार. हेडक्लार्क म्हणायचे, "तू फक्त कप आण." मी आणायचो. तेवढं मला जमत होतं.

२०१४ मध्ये भारतीय संघाच्या संभाव्य खेळाडूंच्या शिबिराला माझं नाव आलं. बेंगळुरूला रविवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी मित्राची हळद. मी मंगळवारी पोचलो. ताप होता म्हणून सांगितलं, सरांनी मुंबईहून फोन करून त्याला दुजोरा दिला. तिथल्या कोचने ऐकून घेतलं, मला दोन दिवस पळवलं, तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट हातात दिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "टॅलेंट तो है." गाडीत मी तेवढंच वाक्य मनात घोळवत आलो. 'तो'वरचा जोर मला खूप नंतर ऐकू आला.

फेब्रुवारी २०१६. तारीख १३, शनिवार. मॅच जिंकून आम्ही ग्रँट रोडच्या एका परमिट रूममध्ये बसलो होतो. दीड वाजता निघालो. बाइक माझी, मागे कोणी नव्हतं. पुलाच्या अलीकडे नाकाबंदी. मशीनमध्ये फुंक म्हणाले, मी नाही म्हणालो. हवालदाराने बाइकची चावी काढायला हात घातला आणि मी त्याला ढकललं. फार जोरात नाही, असं मी पुढे बराच काळ सांगत राहिलो. पण नव्वद किलोच्या, रोज बॉक्सआउट करणाऱ्या, म्हणजे समोरच्याला अंगाने मागे रेटणाऱ्या माणसाचं 'फार जोरात नाही' म्हणजे काय ते मला माहीत असायला हवं होतं. तो बॅरिकेडवर पडला, उजवं मनगट मोडलं.

नुसतं दारू पिऊन गाडी चालवणं हा जामीनपात्र गुन्हा आहे. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की दंड किंवा कैद, पण माणूस घरी जाऊ शकतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत सरकारी कर्मचाऱ्यावर हात टाकला की कलम ३५३ लागायचं, हाड मोडण्यासारखी गंभीर इजा झाली की ३३३. दोन्ही अजामीनपात्र. त्या एका धक्क्याने मी एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलो.

रविवारी सुट्टीच्या कोर्टात उभं केलं, एक दिवसाची पोलीस कोठडी. संध्याकाळी लॉकअपमध्ये बसलो होतो, साडेआठच्या सुमारास बाहेर एकदम धावपळ. गिरगाव चौपाटीवर मेक इन इंडियाच्या कार्यक्रमात स्टेजला आग लागली होती. सगळं पोलीस ठाणं रिकामं झालं, एकामागून एक बंबांचे आवाज. मला त्या गोंधळातही वाटलं, बरं झालं, आता सगळे तिकडे लागतील आणि माझं प्रकरण विसरतील. कुठल्या थराला गेलेलो बघा. मी सरांच्या फोनची वाट बघत होतो. सर येऊनही गेले होते, असं नंतर कळलं. ठाणे अंमलदाराशी बोलले, हवालदाराचं प्लॅस्टर बघितलं आणि मला न भेटता परत गेले.

सोमवारी न्यायालयीन कोठडी, म्हणजे आर्थर रोड. जामिनाचा अर्ज टाकला, पण सरकारी पक्षाचा 'से', म्हणजे त्यांचं म्हणणं, यायला दोन दिवस. बुधवारी पंधरा हजारांच्या कॅश बेलवर सोडायचा हुकूम झाला. पप्पांनी बेस्टच्या सोसायटीतून पैसे उचलले. पण हुकूम झाला म्हणजे सुटलात असं नाही. आर्थर रोडच्या दारात एक पेटी असते, तिच्यात तो कागद ठरल्या वेळेत पडावा लागतो. आमचा वकील ट्रॅफिकमध्ये अडकला. मी गुरुवारी सकाळी बाहेर आलो. ४८ तास कधीच उलटून गेले होते. पेटीचा उशीर नसता तरी उलटलेच असते, पण पप्पा अजूनही त्या वकिलाच्या नावाने बोटं मोडतात.

निलंबनात नोकरी जात नाही, हे लोकांना माहीत नसतं. निर्वाह भत्ता मिळतो: पहिले तीन महिने साधारण अर्धा पगार आणि त्यावर महागाई भत्ता. चौकशी लांबण्यात तुमचा दोष नसेल तर पुढे तो वाढवता येतो. ९० दिवसांच्या आत निलंबनाचा आढावा घ्यावा लागतो. मुख्यालय सोडायचं तर परवानगी. आणि दर महिन्याला एक दाखला द्यायचा, की मी या काळात दुसरी कुठलीही नोकरी, धंदा, व्यवसाय केलेला नाही. छापील ओळ, खाली सही. तो दिला नाही तर भत्ता निघत नाही. माझ्या हातात अकरा हजार आठशे यायचे, त्यातून पतपेढीचा हप्ता.

टीमचं दार अर्थातच बंद. मी रोज संध्याकाळी बच्चू खानवर जायचो. तिथल्या पोरांना माझ्या फाईलशी देणंघेणं नव्हतं. सकाळी नऊ ते पाच काय करायचं हा प्रश्न होता. पूर्वी संध्याकाळी प्यायचो, आता दुपारीही प्यायला लागलो. त्याचं वर्णन करत नाही, त्यात नवीन काही नाही.

नवीन आहे ते पुढे. नोव्हेंबर २०१६ मध्ये एकाने विचारलं, भिवंडीकडे नाईट टुर्नामेंट आहे, दोन मॅचचे सहा हजार, येतो का? खात्याचा प्लेअर म्हणून माझं नाव चालणार नव्हतं. "दुसऱ्याच्या नावावर टाकतो, सांभाळून घेऊ." मी गेलो. फ्लडलाइट म्हणजे चार हॅलोजन, कोर्ट म्हणजे शाळेचं अंगण, आणि मी नऊ महिन्यांनी खऱ्या मॅचमध्ये. ३१ पॉइंट केले. पोरांनी खांद्यावर घेतलं. खरं सांगतो, त्या रात्री मी प्यायलो नाही, गरजच वाटली नाही. सहा हजार रुपये आईच्या हातात दिले आणि महिनाअखेर नेहमीच्या दाखल्यावर नेहमीची सही केली.

खांद्यावर घेतलेला फोटो कोणीतरी फेसबुकवर टाकला. कोणी तक्रार केली ते कळलं नाही. संशय मात्र तिघांवर आहे, अजूनही. जानेवारीत दुसरं दोषारोपपत्र आलं. पहिलं ऑगस्टमध्येच आलं होतं, अटक आणि अशोभनीय वर्तनाचं. त्याला चार परिशिष्टं असतात: आरोप, आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. दुसऱ्यातल्या कागदांच्या यादीत दोनच नोंदी होत्या. एक तो फोटो. दुसरी माझी सही.

इथे काका आले. विभागीय चौकशीत वकील सहसा देत नाहीत, पण बचाव सहाय्यक घेता येतो, निवृत्त कर्मचारीही चालतो. काका युनियनचे जुने माणूस, आयुष्यभर लोकांच्या चौकश्या लढवलेले. त्यांनी फी घेतली नाही, फक्त अट घातली: माझ्या घरी येशील त्या दिवशी प्यायलेला नसशील. कल्याणला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही दोषारोपपत्रं टेबलावर ठेवली आणि मला मोठ्याने वाचायला लावली. शाळेत धडा वाचतात तशी. कुठे अडखळलो की "परत". दीड तास गेला. मी माझ्याबद्दलचा एकही सरकारी कागद तोवर शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. कोट्यातल्या नेमणुकीचं पत्रसुद्धा नाही.

मग ते म्हणाले, "हे पहिलं आहे ना, यातून तुला मी थोडाफार सोडवीन. अंधार, धावपळ, साक्षीदार, सगळं आहे. पण ह्या सहीतून कसा काढू? तुझ्या सहीची उलटतपासणी घेता येत नाही रे."

चौकशी चौदा महिने चालली, सतरा तारखा. सहा तारखा नुसत्या पुढे गेल्या, कारण खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी बदलून गेला आणि नव्याला फाईल मिळायची होती. त्या दिवशीही हजर राहायचं, रोजनाम्यावर सही करायची. आता मी वाचून करत होतो. खोली लहान, टेबलावर हिरवं कापड, पंखा चालू केला की कागद उडायचे, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर पंचिंग मशीन ठेवलेलं.

हवालदार साक्षीला आले तो दिवस मला पूर्ण आठवतो. ते मराठीत बोलायचे, चौकशी अधिकारी ते हिंदीत करून सांगायचे, टायपिस्ट इंग्रजीत उतरवायचा. 'ढकललं' याला 'पुश्ड' लिहायचं की 'असॉल्टेड' यावर वीस मिनिटं गेली. काकांनी विचारलं, दिवे किती होते, बॅरिकेडचं अंतर किती, तुमचा पाय घसरला असण्याची शक्यता आहे की नाही. हवालदार म्हणाले, "घसरला असेल. पण ढकलल्यावर घसरला." टायपिस्टने विचारलं, हे कसं लिहू? काका वहीत बघत बसले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

जेवणाच्या सुट्टीत चौकशी अधिकाऱ्यांना कोणाचा तरी फोन आला आणि आम्ही पॅसेजमध्ये उभे. हवालदारांनी मला विचारलं, "इथं चहा कुठं मिळतो रे?" मी त्यांना खाली टपरीवर घेऊन गेलो. ग्लास त्यांनी डाव्या हाताने धरला. उजवं मनगट पूर्ण वळत नव्हतं. सुट्टे पैसे काढायला खिशात हात घालताना आख्खा खांदा वाकवत होते. पैसे मला देऊ दिले नाहीत. म्हणाले, नागपाड्याच्या पोलीस हॉस्पिटलमध्ये पाच महिने जात होतो, तिथल्या बाईने एक रबरी बॉल दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायचा. "बायको म्हणायची, आता तुम्ही पण खेळाडू झालात." आणि हसले. मला काय करावं कळेना. सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "ते आत बोल की, लिहून घेतील."

आत मी बोललो नाही. काकांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. कबुली दिली असती तर ती तशीच फौजदारी खटल्यात गेली असती. कायद्याने ते बरोबरच होतं. पण त्या दुपारनंतर 'फार जोरात नाही' हे शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत. दुसऱ्या दोषारोपपत्रातला आरोप मात्र मी पहिल्याच विचारणेला मान्य केला होता. मध्येच, ऑगस्ट २०१७ मध्ये, दादरच्या एका शाळेत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संध्याकाळच्या मीटिंगला जायला लागलो, जिथे आडनाव विचारत नाहीत. तिसरी-चौथीचे बाक होते. माझे गुडघे हनुवटीला लागायचे. त्याबद्दल इतकंच.

एप्रिल २०१८ मध्ये निलंबन उठलं, चौकशी चालू ठेवून. मी आवक-जावक विभागात बसायला लागलो. आता इतरांची पत्रं मीच घेऊन जायचो, आणि आदेश असला की आधी पाणी मागायचो, म्हणजे समोरच्याला जरा वेळ मिळतो. वर्षभराने अंतिम आदेश आला. पहिला आरोप अंशतः सिद्ध, दुसरा पूर्ण सिद्ध. वेतनात दोन टप्पे खाली, तीन वर्षांसाठी. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ म्हणून धरला जाणार नाही. काकांच्या मते स्वस्तात सुटलो, बडतर्फीही होऊ शकली असती.

आदेशात बास्केटबॉल हा शब्द कुठेही नव्हता. खेळायला बंदी अशी शिक्षा नियमांत नाहीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी रीतसर अर्ज करून ट्रायलला उभा राहिलो. वय ३२. माझ्यासमोर एकवीस वर्षांचा मुलगा होता, कोल्हापूरकडचा. डावीकडे जातोय असं दाखवून तो उजवीकडे गेला. तो जाणार हे मला त्याच्याआधी कळलं होतं. मेंदू तिथे पोचला, पाय आले नाहीत. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मी हात वर केला आणि बाहेर बसलो. अटकेपासून या ट्रायलपर्यंत साडेतीन वर्षं गेली, त्यात कोणाचं काही बिघडलं नाही; कारकुनाचं करिअर पस्तीस वर्षांचं असतं, त्याला ती परवडतात.

त्याच ऑक्टोबरमध्ये एनबीएच्या टीम मुंबईत आल्या. वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स, पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. नागपाड्यातली सगळी पोरं वेडी झाली होती. मी घरी टीव्हीवर बघितली, पप्पांबरोबर. पप्पांना खेळातलं कळत नाही, ते प्रत्येक बास्केटला माझ्याकडे बघत होते. हाफटाइमला म्हणाले, "तू असा टाकायचास." मी म्हटलं, "नाही हो पप्पा." पण बरं वाटलं.

कोर्टाचा निकाल २०२२ मध्ये लागला. पंच साक्षीदार फिरले, संशयाचा फायदा देऊन निर्दोष. चाळीत पेढे वाटायचे म्हणून आई पैसे मागायला आली, मी दिले नाहीत. दोन दिवस ती बोलली नाही माझ्याशी.

आता मी स्कोअरर आहे. असोसिएशनच्या स्पर्धांना टेबलावर बसतो. काम लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही: पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं, फाउल, टाइमआउट, सगळं एका पानावर. मॅचच्या दहा मिनिटं आधी दोन्ही कोचनी नावं आणि नंबर तपासून सही करायची असते. बहुतेक जण मुलांकडे बघत बघत सही ठोकतात. मी शीट हाताखाली दाबून ठेवतो आणि म्हणतो, "वाचा आधी." त्यावरून मला नावं ठेवतात, ते मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात अंडर-एटीनच्या मॅचला एका टीमचा अकरा नंबर वॉर्मअपला आला. लांब हाताचा, चांगला दिसणारा पोरगा. शीटवर जे नाव होतं त्या मुलाला मी ओळखत होतो, तो बुटका आहे आणि चष्मा लावतो. मी कोचला बोलावलं. कोच माझ्याच वयाचा, आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलेलो. तो टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "अरे लंबू, लीगची मॅच आहे, त्याचं कार्ड अजून आलेलं नाही. सांभाळून घे ना यार."

पोरगा फ्री-थ्रो लाइनवर बॉल आपटत आमच्याकडे बघत होता. मी त्याला हाताने बोलावलं आणि विचारलं, "नाव काय तुझं? खरं."

त्याने कोचकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नको बघूस," मी म्हटलं, आणि लाल पेनाचं टोपण लावून ठेवलं. घड्याळात आठ मिनिटं होती.